संगमाचं चित्र: पलीकडचा काठ रंगवू की कोरा ठेवू?

हरिपूरची | ४ जानेवारी
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिलं मात्र फार कमी. चित्रकला विभागात हा माझा पहिलाच धागा.

मागच्याच्या मागच्या महिन्यात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. तिसऱ्या दिवशी हरिपूरला संगमावर रक्षा सोडली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हरिपूर सांगलीला लागूनच आहे. वारणा तिथे कृष्णेला मिळते. वर संगमेश्वराचं देऊळ, खाली घाट. कलश भावाच्या हातात होता, मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी होते. पाण्यावर धुकं होतं.

सहा महिन्यांनी तेच दृश्य जलरंगात करायला घेतलं. अर्धा इंपीरियल कागद, ३०० जीएसएम, कॉटन, बोर्डावर गमटेपनं ताणलेला. पायऱ्या झाल्या, डावीकडची चिंच झाली, पाणी झालं. पाणी असं उतरलंय की मला ते पुन्हा जमणार नाही. कागद पूर्ण ओला, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, बोर्ड जरा तिरका केला आणि रंग आपला आपण खाली आला. आप्पा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दुपारी पाणी वाळेपर्यंत रडले.

पण पलीकडचा काठ आणि त्यावरचं आभाळ अजून पांढरंच आहे. सात महिने झाले. ब्रश भिजवते, उचलते आणि परत ठेवते. माझ्याकडे त्या बाजूचा फोटो आहे, त्यामुळे काय काढायचं हे माहीत नाही असं नाही.

तर दोन प्रश्न. तो भाग तसाच सोडला तर चित्र पूर्ण म्हणता येईल का? आणि रंगवायचाच असेल, तर इतक्या महिन्यांनी एकच कोपरा ओला केल्यावर जोडाची रेघ दिसणार नाही असं काही करता येतं का?

फोटो जोडला आहे. मोबाइलवर रंग जरा निळसर आलेत.

निळी_शाई | ४ जानेवारी
आप्पांना नमस्कार. चित्र बघून गप्प बसले बराच वेळ. पायरीवरचं ओलं फार खरं आलंय. माझं मत: हात लावू नकोस.

घाटमाथा | ४ जानेवारी
+१. पैलतीर कोराच हवा. आपण सगळे अलीकडच्या पायरीवर उभे. तिकडे काय आहे ते गेलेल्यालाच ठाऊक. तू न ठरवता अगदी बरोबर जागी थांबली आहेस.

मेघना_क | ४ जानेवारी
घाटमाथा, किती छान लिहिलंत. मलाही तो पांढरा बघून हेच वाटलं. अपूर्ण म्हणून बघितलंच नाही मी.

तांबडा_रस्सा | ४ जानेवारी
ताई, आधी आप्पांना नमस्कार. हरिपूर म्हणजे आमच्या शेजारचंच की ओ. लहानपणी मामाबरोबर हळदीची पेवं बघायला आलो होतो. जमिनीच्या पोटात खोल खड्डे आणि आत हळद. वरून वाकून बघितलं की गरम, उग्र वास अंगावर यायचा. २००५ च्या पुरात त्यातली बरीच खचली, वाईट वाटलं होतं.

तुमच्या चित्रावरनं आबालाल रहिमान आठवले. मुंबईत जे. जे. स्कूलला शिकलेले, पण परत कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी दरबारात चित्रकार म्हणून ठेवलं. माणूस राहायचा कोटीतीर्थाच्या काठाला आणि रंगवायचा पण कोटीतीर्थच. सकाळचं, पावसातलं, संध्याकाळचं, तेच तळं परत परत. १९२२ ला महाराज गेले. आमच्याकडं जुनी माणसं सांगतात की त्या धक्क्यात आबालालनी आपली चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली. गठ्ठेच्या गठ्ठे. किती खरं, किती वाढवलेलं, देवाला ठाऊक, पण कोल्हापुरात कुणालाही विचारा, ही गोष्ट सांगतंय. पुढं १९३१ ला ते स्वतः गेले. जी चित्रं मागं राहिली त्यातली काही टाऊन हॉलच्या म्युझियमला आहेत. एकदा येऊन बघाच. छोटी छोटी आहेत, पण पुढनं पाय निघत नाही.

निळी_शाई | ४ जानेवारी
बापरे. ज्या पाण्यानं रंगवायचं त्याच पाण्यात सोडायचं.

रेषा_मास्तर | ५ जानेवारी
मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला किती मुलं बसवली याचा हिशेब नाही. त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

वर सगळ्यांनी 'कोरं ठेवा' म्हटलं. कोऱ्या जागेला माझा विरोध नाही. जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो, तो आधी राखून ठेवावा लागतो. पण राखलेला पांढरा आणि राहून गेलेला पांढरा यांत फरक पडतो आणि तो डोळ्याला कळतो. तुमच्या पायऱ्यांवरचा उजेड राखलेला आहे. वरचा कोपरा राहून गेलेला आहे. तिथे चिंचेच्या पानांची कड अर्ध्यात तुटली आहे, पाण्याची वरची रेघ मध्येच संपते. धुकं दाखवायचं असतं तर ती रेघ तुम्ही विरघळवली असती. तुमचा हात जाणता आहे, पाण्यावरून दिसतंच आहे.

म्हणून चित्र पूर्ण झालेलं नाही असं माझं मत. पूर्ण करायलाच हवं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी देणार नाही.

तंत्राबद्दल सविस्तर लिहीन, आधी तीन गोष्टी सांगा. कागद अजून बोर्डावरच आहे का? पावसाळ्यात कुठे ठेवला होता? आणि पाण्यात प्रशियन ब्लू कुठे वापरला आहे का?

हरिपूरची | ५ जानेवारी
सर, राग कसला. चिंचेची कड तुटलीय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता तेवढंच दिसतंय!

कागद बोर्डावरच आहे. पावसाळ्यात आप्पांच्या खोलीत, कपाटावर उभा ठेवला होता. प्रशियन ब्लू अजिबात नाही. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि चिंचेत थोडा सॅप ग्रीन.

सुलूमावशी | ५ जानेवारी
बाळा, माझं वय बहात्तर. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. मी चित्रकार वगैरे नाही, नातवाचा रंगांचा डबा घरात पडून होता. नाशिकला आमच्या गॅलरीसमोर एक सीताअशोक आहे. हे रोज सकाळी त्याच्याकडे बघत चहा घ्यायचे. मग मी तो काढायला लागले, रोज एक. पोस्टकार्डाएवढा कागद. पहिली दोन-तीनशे झाडं तर झाडासारखी दिसतच नाहीत. एक दिवस लक्षात आलं, आज झाड काढताना मी ह्यांचा विचारच केला नाही, नवीन पालवीचा तांबूस रंग जमवण्यात अर्धा तास गेला. त्या दिवशी मला फार अपराधी वाटलं. मुलीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, आई, बाबांना पालवी बघायचीच तर आवड होती.

तुला काय सांगू? घाई करू नकोस. पण ब्रश ठेवूनही देऊ नकोस. दुसऱ्या कागदावर दुसरं काहीतरी काढत राहा.

मेघना_क | ५ जानेवारी
मावशी, ती सगळी झाडं जपून ठेवलीत ना? एक वेगळा धागा काढून टाका ना इथे, प्लीज.

सुलूमावशी | ५ जानेवारी
बुटाच्या खोक्यांत आहेत. नातवाला सांगते फोटो काढायला.

सरळ_रेष | ६ जानेवारी
मला थोडं वेगळं मांडायचं आहे. चित्रामागची गोष्ट कळल्यामुळे आपण सगळे चित्र जास्त चांगलं बघतोय का? गोष्ट झाकली तर हे घाटाचं एक चांगलं, दोन-तृतीयांश झालेलं निसर्गचित्र आहे. उद्या कुणी हे चित्र भिंतीवर बघेल तेव्हा त्याला आप्पा माहीत नसतील. म्हणून चित्राला जे हवं ते द्यावं, दुःखाला काय हवं ते बाजूला ठेवावं. लेखिकेच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून लिहितोय.

घाटमाथा | ६ जानेवारी
सरळ_रेष, असहमत. ते पाणी तसं उतरलं ते काय नुसत्या तंत्रामुळे? कागद ओला करून बोर्ड तिरका करणं तर मीही करतो. माझं पाणी चिखल होतं.

सरळ_रेष | ६ जानेवारी
तंत्रामुळेच उतरलं असं मी म्हणत नाहीये. दुःखामुळे हात सैल झाला असेल, मान्य. पण उतरल्यानंतर ते पाणी चित्राचं झालं.

थेम्सकाठ | ६ जानेवारी
दोघांचंही पटतंय म्हणून एक उदाहरण देतो. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्लिश निसर्गचित्रकार. त्याची बायको मरिया १८२८ च्या नोव्हेंबरात क्षयानं गेली, सात मुलं मागे ठेवून. नंतर जवळचा मित्र फिशरही गेला. त्यानंतर त्यानं स्टोनहेंजचं एक मोठं जलरंगचित्र केलं, १८३६ मध्ये ते रॉयल अकॅडमीत लागलं. ओसाड माळ, ते प्रचंड दगड, वर काळंनिळं आभाळ आणि त्यात दुहेरी इंद्रधनुष्य. पुढच्या वर्षी तो स्वतःही गेला. चित्र इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते आभाळ. ते नुसतं धुतलेलं नाही, त्यावर झगडा झालेला दिसतो, खरडल्याच्या खुणा आहेत. आणि कागद कमी पडला म्हणून त्यानं कडेला जास्तीच्या पट्ट्या जोडल्या आहेत! खाली डाव्या कोपऱ्यात एक ससा पळतोय, तोही वेगळ्या तुकड्यावर रंगवून चिकटवलेला. म्हणजे जोडाची रेघ दिसण्याची भीती त्यानं बाळगली नाही.

मरियाचं नाव चित्रात कुठेच नाही. पण माहीत झाल्यावर ते आभाळ मला वेगळं दिसलं, हे मी नाकारू शकत नाही.

खाडीकाठी | ६ जानेवारी
पट्ट्या जोडल्या हे माहीत नव्हतं. मस्त माहिती.

हरिपूरची, एक व्यावहारिक सूचना. आमच्याकडे मालवणला पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. माझी आठ चित्रं अशीच गेली, आभाळात तपकिरी ठिपके. सांगलीची हवा एवढी दमट नसेल, तरी चित्र उजेडाकडे तिरकं धरून ठिपके नाहीत ना, ते आधी तपास. आणि फ्रेम करशील तेव्हा काच चित्राला टेकू देऊ नकोस, मध्ये माउंट हवाच. काचेच्या आतून घाम धरला की रंग काचेला चिकटतो.

नागपूरची_संत्री | ६ जानेवारी
जलरंगात चूक झाकता येत नाही म्हणतात तेच खरं. ते हातात समई घेतलेल्या बाईचं राजा रविवर्म्याचं चित्र पण जलरंगात आहे ना? कसं जमवलं असेल!

रेषा_मास्तर | ६ जानेवारी
ते रविवर्म्याचं नव्हे! हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. सावंतवाडीकडचे, मुंबईत त्यांची स्वतःची कलासंस्था होती. १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र, मॉडेल त्यांची मुलगी गीता. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, 'ग्लो ऑफ होप' नावानं. हाताच्या बोटांतून झिरपणारा उजेड बघा, तिथे कागद किती राखलाय ते.

नागपूरची_संत्री | ६ जानेवारी
अरे देवा, आमच्या हॉलमध्ये त्याची प्रिंट आहे आणि मी पाहुण्यांना वीस वर्षं रविवर्मा सांगतेय. आजच सगळ्यांना फोन करते 😄

खाडीकाठी | ६ जानेवारी
हळदणकर आमचे! कोकणातले!

पाणीदार | ७ जानेवारी
विषय थोडा बाजूचा आहे, क्षमा करा. रक्षा नदीत सोडण्याबद्दल. कृष्णेचं पाणी उन्हाळ्यात काय होतं ते सांगलीकरांना ठाऊक आहे. आमच्या घरी आजीची रक्षा शेतात पसरली आणि तिथे आंबा लावला. आमच्या भागातल्या बऱ्याच गावांत आता असं करतात. कुणाला दुखवायचं नाही, पण नदीवर प्रेम असेल तर हाही विचार व्हावा.

तांबडा_रस्सा | ७ जानेवारी
पाणीदार, आमच्या गावात पण चालू झालंय. चांगलंच आहे. पण ह्या धाग्यावर नको बोलूया, ताईंना त्रास व्हायचा.

हरिपूरची | ७ जानेवारी
त्रास नाही हो. आम्हीही मूठभरच सोडली, बाकीची भावानं शेवग्याच्या बुंध्यात घातली. आप्पांनीच लावलेला शेवगा होता.

कोलकाता_मेल | ७ जानेवारी
पलीकडच्या काठावरून एक चित्र आठवलं. अवनींद्रनाथ ठाकुरांचं शाहजहानच्या अखेरच्या क्षणांचं, १९०२ च्या सुमाराचं. अवनींद्रनाथांची लहान मुलगी प्लेगमध्ये गेली होती, आणि ते दुःख त्या चित्रात ओतलं असं त्यांनीच सांगून ठेवलंय. संगमरवरी सज्जात म्हातारा बादशहा पडलेला, पायाशी मुलगी जहाँआरा. तो मान वळवून बघतोय ते दूर, यमुनेपलीकडे. तिथे ताजमहाल आहे, इवलासा.

इथे बाप गेला आणि मुलगी रंगवतेय, तिथे मुलगी गेली आणि बाप रंगवतोय. पण मला सांगायचंय ते एवढंच की त्यांनी पलीकडचा काठ काढलाय. लहान काढलाय, फिकट काढलाय, पण काढलाय. चित्रातला माणूस ज्याच्याकडे बघतो ते तिथे असायला हवं असं त्यांना वाटलं असेल.

मेघना_क | ७ जानेवारी
हे वाचून माझं मत डळमळलं.

रेषा_मास्तर | ८ जानेवारी
आता तंत्राचं. लांबलं तर सांभाळून घ्या.

कागद ताणलेलाच आहे ही मोठी सोय. सुटा केला असता तर एक कोपरा ओला केल्यावर फुगला असता. काळजी आहे ती सायझिंगची. चांगल्या कागदाला सरस दिलेला असतो, त्यामुळे रंग पृष्ठभागावर थांबतो. दमट जागी तो सरस ठिकठिकाणी मरतो. टेपच्या अगदी जवळ स्वच्छ पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फुगीर राहिला तर कागद शाबूत आहे. टीपकागदासारखा मुरला तर कागद गेला, मग तिथे सपाट वॉश, म्हणजे रंगाचा एकसारखा पातळ थर, विसरा.

दुसरं. तुमचे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदाला घट्ट धरून बसत नाहीत, परत ओले केले की उठतात. म्हणून पाण्यावर ब्रश घासायचा नाही. पूर्ण कागद परत ओला करावा असं कुणी सांगेल, पण तुमच्या जागी मी ते करणार नाही. आहे ते पाणी हातचं जाईल.

मग जोड कुठे लपवायचा? जिथे निसर्गात कड असतेच तिथे. डावीकडे चिंचेची पानं आहेत. ओल तिथपर्यंत न्या आणि वाळल्यावर तुटलेली कड नव्या पानांच्या गडद फटक्यांनी पुरी करा, जोड पानांत जाईल. खाली पाण्याची वरची रेघ. तिच्यावर चढू नका, दोन मिलिमीटर कोरडा कागद तसाच सोडा. लांबच्या पाण्याच्या कडेला अशी चमकती रेघ असतेच, बघणाऱ्याला उजेड वाटतो. उरलेल्या दोन बाजूंना टेप आहे.

रुंद मऊ ब्रशानं फक्त पाणी लावा, बोर्ड उलटा तिरका करा, म्हणजे रंग जुन्या चित्राकडे न येता टेपकडे वाहील. कागदाची चमक मावळायला लागली की रंग द्या, त्याआधी नाही. आणि एकदा दिला की मागे वळायचं नाही. अर्धवट ओल्यात पाण्याचा थेंब पडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं फूल पडतं, माहीतच असेल.

लांबचं हिरवं हिरवं काढू नका. त्यात निळा जास्त, पाणी जास्त. आणि आधी पाच-सहा सुट्या कागदांवर हा भाग करून बघा. काय काढायचं ते तुम्ही ठरवा.

निळी_शाई | ८ जानेवारी
सर, हे मी वहीत उतरवून घेतलं.

घाटमाथा | ८ जानेवारी
माझ्या चिखलाचं कारण कळलं. मी चमक असतानाच रंग घालतो.

खाडीकाठी | १५ जानेवारी
हरिपूरची, काही झालं का पुढे? थेंब टाकलास?

सरळ_रेष | २२ जानेवारी
मीही रोज येऊन बघतोय. मी लिहिलेलं लागलं असेल तर क्षमस्व.

हरिपूरची | १ फेब्रुवारी
अजिबात लागलं नाही. उशीर झाला कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, आता आहे.

थेंब फुगीर राहिला. सुट्या कागदांवर पलीकडचा काठ अकरा वेळा केला. जमला, पण प्रत्येक वेळी कुठल्याही नदीचा कुठलाही काठ वाटायचा. मोठ्या कागदावर जायचा धीर होईना.

संक्रांतीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. मी बोर्ड तिच्यापासून लपवून ठेवला होता. तिला त्रास होईल असं वाटायचं. एका सकाळी मी उठायच्या आत तिनंच कपाटामागून काढून टेबलावर टेकवून ठेवला आणि समोर बसून शेंगा निवडत होती. मला बघून म्हणाली, "हे सगळं काढलंस आणि तिकडंच का कोरं ठेवलंस? तिकडं आपला मळा होता की."

मला काही माहीत नव्हतं. माझ्या जन्माआधी तीन वर्षं आप्पांनी पलीकडे कोथळीच्या बाजूला दीड एकर अर्धलीनं केला होता. वांगी लावायचे. कृष्णाकाठची वांगी, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. पहाटे नावेतून पलीकडे जायचे, तोडणी झाली की पाट्या नावेत घालून अलीकडे आणायचे आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून मंडईत. आई दहाच्या सुमाराला डबा घेऊन ह्याच पायऱ्यांवर उभी राहायची. नाव पलीकडे असली की हाक मारायची. पलीकडून आप्पा हाक द्यायचे, आणि ती म्हणते, आधी हाक यायची, माणूस मागनं दिसायचा. मग एका पावसाळ्यात नदी मळ्यात शिरली, सगळं गेलं आणि आप्पांनी सायकलचं दुकान टाकलं. मला आप्पा फक्त दुकानातले आठवतात, ग्रीसच्या हातांचे. ते शेत करायचे हे मला त्रेचाळीसाव्या वर्षी कळलं.

तुम्ही सगळे पैलतीर म्हणत होतात, मीही मनात तेच धरून बसले होते. आईसाठी ते कोथळी आहे.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन हरिपूरला गेले. आता तिथे पूल झालाय, नावेची वाट कोण बघतो. ती घाटावर बसली आणि बोटानं दाखवत गेली: तिथं बाभळ होती, तिथं मोटेची विहीर, तिथनं पुढं आपलं. आता तिथे सगळा ऊस आहे. मी पेन्सिलनं उतरवून घेतलं.

आणि परवा रंगवलं. सरांनी सांगितलं तसंच. डावीकडे चिंचेपर्यंत ओल, खाली दोन मिलिमीटर कोरडं, बोर्ड उलटा. चमक मावळेपर्यंत थांबायची ती चार-पाच मिनिटं फार मोठी होती. आभाळ सहज झालं. काठावर एक निळसर हिरवी पट्टी, तिच्या मधोमध एक गडद तुकडा. तो मळा. अंगठ्याच्या नखाएवढा आहे. चिंचेच्या शेंड्याशी एक फूल पडलंच, तसंच ठेवलंय. फोटो जोडते, ह्या वेळी खिडकीच्या उजेडात काढलाय.

सुलूमावशी | १ फेब्रुवारी
आईला माझा नमस्कार सांग. "आधी हाक यायची, माणूस मागनं दिसायचा." मी हे चारदा वाचलं.

रेषा_मास्तर | १ फेब्रुवारी
पाण्याच्या वरची कोरडी रेघ उत्तम राखली आहे. चिंच अजून एका फटक्यानं गडद चालली असती, पण आता हात लावू नका. फूल राहू द्या.

घाटमाथा | १ फेब्रुवारी
मी पहिल्याच दिवशी 'कोराच हवा' म्हटलं होतं. आता तो गडद तुकडा नसता तर, ही कल्पनाच करवत नाही. माझं ते मत मागे घेतो.

सरळ_रेष | १ फेब्रुवारी
गोष्ट न वाचता आधी फोटो उघडला, मुद्दाम. नजर पायऱ्यांवरून पाण्यात आणि तिथून सरळ त्या तुकड्यावर जाऊन थांबली. तिथे काय आहे हे माहीत नसतानाही.

निळी_शाई | १ फेब्रुवारी
आईंना चित्र आवडलं का?

हरिपूरची | १ फेब्रुवारी
बराच वेळ बघून म्हणाली, "नाव कुठाय?"

मेघना_क | १ फेब्रुवारी
काढ ना नाव!

रेषा_मास्तर | १ फेब्रुवारी
सांभाळून. मधल्या पाण्यात होडी आली की घाटाचं चित्र कॅलेंडर होतं. आणि त्या पाण्याला हात लावण्याची जोखीम घेऊ नये.

कोलकाता_मेल | १ फेब्रुवारी
पलीकडच्या काठाला लागलेली काढता येईल की. कोरड्या रेघेवर, एकच फटका.

हरिपूरची | ३ फेब्रुवारी
काढली. पलीकडे लागलेली, बारीक ब्रशाचा एक आडवा फटका, भातुकलीतल्या होडीपेक्षाही लहान. आईला चष्मा लावून शोधावी लागली. सापडल्यावर म्हणाली, "हां. म्हणजे अजून काम चाललंय तिकडं."

खाडीकाठी, फ्रेमवाल्याला दोन इंची माउंट सांगितलाय. मागे पेन्सिलनं नाव लिहायचं म्हणून आईला विचारलं. मी 'संगम' ठरवलं होतं. ती म्हणाली, 'वांग्याचा मळा' लिही. तेच लिहिलंय.

तांबडा_रस्सा | ३ फेब्रुवारी
ताई, रविवारी मी शिरोळला चाललोयच. कोथळीकडनं जाऊन तुमच्या घाटाचा फोटो काढून टाकतो इथं. आप्पांना मळ्यातनं पायऱ्या कशा दिसत असतील, आईंना बघू दे.

हरिपूरची | ३ फेब्रुवारी
दादा, नक्की काढा. दहाच्या सुमाराला जमलं तर बघा, आई डबा घेऊन यायची ती वेळ. धुकं असेल तर जरा थांबा, उठतं ते.